शिडीजवळचा चौथा व्हॉल्व्ह

बोटीवर सगळे त्यांना मामा म्हणत. खरे मामा ते फक्त एकीचे होते. पाहुण्यांना पाण्याखाली फिरवून आणणारी गाईड ही त्यांच्या सख्ख्या बहिणीची मुलगी. नोकरीवर रुजू झाली त्याच सकाळी ती डेकवरून "मामा, टाक्या भरल्यास का?" असं ओरडली, आणि कप्तानापासून स्वयंपाक्यापर्यंत सगळ्यांनी ते नातं परस्पर उचललं. आठवडाभरासाठी येणारे पाहुणेही दुसऱ्या दिवसापर्यंत मामा म्हणू लागत. या फेरीला आलेल्या दातांच्या डॉक्टरांनी तर साठी ओलांडलेली असूनही मामा म्हटलं, तेव्हा मामा एवढंच म्हणाले, "तुमच्या आईला मी कधी बहीण मानलं ते आठवत नाही, पण हरकत नाही."

मामांचं काम हवेचं. बोटीच्या मागच्या अंगाला, पायऱ्यांच्या खाली, त्यांचा कॉम्प्रेसर होता आणि त्याच्यासमोर लोखंडी चौकटीत उभ्या केलेल्या टाक्या. आठ-दहा पाहुणे, दिवसातून तीनदा पाण्यात उतरणार, म्हणजे रोजच्या तीसेक टाक्या. रिकामी टाकी आली की ती गोड्या पाण्याने धुवायची, नळी जोडायची, आणि हळूहळू भरायची. भरताना मामा तिच्या अंगावर तळहात ठेवत. ताप आलेल्या पोराचं कपाळ बघावं तसं. टाकी गरम लागली की ते कॉक किंचित आवळत. भरून झाल्यावर तोंड जरासं उघडून नाकाशी धरत. हवेला कसलाही वास नाही याची खात्री झाली की तोंडावर पांढरी पट्टी चिकटवत आणि मगच ती टाकी पुढे जाई. वारा फिरला तर बोटीच्या इंजिनाचा धूर हवा ओढणाऱ्या पाइपाकडे येऊ नये, म्हणून ते भरल्या ताटावरून उठत आणि पाइपाचं तोंड फिरवून पुन्हा जेवायला बसत. अकरा वर्षांत त्यांच्या हवेबद्दल एकाही माणसाने तक्रार केली नव्हती. कौतुकही कोणी केलं नव्हतं. हवा चांगली होती हे कोण कशाला सांगेल?

एवढ्या वर्षांत मामा स्वतः मात्र पाण्याखाली गेले नव्हते. ते गेले नव्हते यापेक्षा आता जाणार आहेत, याचंच बोटीवर सगळ्यांना नवल होतं. बोट दोन महिने दुरुस्तीला लागली होती तेव्हा भाचीने त्यांना पोहण्याच्या तलावात शिकवलं, बारा मीटरपर्यंतचा दाखला मिळवून दिला. कानाच्या डॉक्टरांनी त्यांचा डावा कान तपासून नाक मुरडलं. जहाजाच्या इंजिनाशेजारी अर्धं आयुष्य गेलेलं, तो कान निम्मा गेलाच होता. "या हंगामापुरतं लिहून देतो," डॉक्टर म्हणाले, "पुढच्या वर्षी माझ्याकडे येऊ नका." घरी मामींनी तर हात टेकले होते. "लोक निवृत्त झाल्यावर बागेत फिरतात. तुम्हाला समुद्राच्या बुडाशी काय ठेवलंय?"

समुद्राच्या बुडाशी काय ठेवलंय, ते मामांनी मामींना सांगितलं नाही. भाचीलाही नाही. ही हंगामातली शेवटची फेरी होती आणि मामांच्या नोकरीतलीही. या सात दिवसांत बघायला मिळालं तर मिळालं.

बघायची होती ती म्हातारी.

म्हातारी म्हणजे एक जहाज. दोन किनाऱ्यांमध्ये रोज माणसं, सायकली आणि कोंबड्यांच्या टोपल्या नेणारं जुनं प्रवासी जहाज. मामांनी तिच्या इंजिनखोलीत एकोणीस वर्षं तेलपाणी केलं होतं. पुढे खाडीवर पूल झाला, प्रवासी आटले, आणि मालकांनी तिला भंगारात काढण्याऐवजी प्रवाळाच्या कडेला बुडवायचं ठरवलं. माशांना घर होईल, बघायला माणसं येतील. आत पाणी घ्यायचे चार व्हॉल्व्ह होते. दोन मागच्या टोकाला, दोन शिडीच्या पायथ्याशी, एक डावीकडे आणि एक उजवीकडे. इंजिनियरने सांगितलं होतं, चारही पूर्ण उघडायचे म्हणजे ती सरळ खाली बसेल, खुर्चीत बसावी तशी. प्रत्येक चाकाचे बावीस फेरे. हे काम मामांशिवाय कोणाच्या हाताला माहीत नव्हतं, म्हणून शेवटी खाली गेले ते मामाच.

मागचे दोन त्यांनी उघडले. शिडीच्या डावीकडचा उघडला. तोवर पाणी गुडघ्याला लागलं होतं आणि वरून लवकर या म्हणून शिटी वाजत होती. चौथ्या चाकावर दोन्ही हात ठेवल्याचं त्यांना पक्कं आठवत होतं. लोखंड बर्फासारखं गार होतं. त्यानंतरचं आठवत होतं ते थेट शिडीवरून वर चढणं. मधलं पान कोणीतरी फाडून नेल्यासारखं कोरं होतं.

म्हातारी सरळ बसली नाही. पाणी डेकला लागलं तशी ती सावकाश डावीकडे कलली आणि कुशीवर वळून झोपावं तशी आडवी होत पाण्याखाली गेली. "प्रवाहाने ढकललं," इंजिनियर म्हणाला. सगळ्यांनी मान डोलावली. प्रवाह काही उलटून बोलणार नव्हता. मामांनीही मान डोलावली, आणि पुढची अकरा वर्षं दर फेरीला त्याच जागेवर नांगर पडला की ते टाक्यांच्या चौकटीशी उभे राहून खाली बघत. हिरव्या पाण्यात काही दिसत नसे. पाहुणे वर येऊन म्हणत, "काय जहाज आहे हो! पण आडवं." त्या 'पण'पाशी मामा पुढच्या टाकीला नळी जोडायला वळत.

चौथा व्हॉल्व्ह आपण उघडला होता की नाही, एवढंच त्यांना बघायचं होतं.

पहिल्या दिवशी दुपारी बोट किनारा सोडून निघाली. या आठवड्याला तारखा नसतात. पाण्यात उतरायचं, वर यायचं, खायचं, डेकवर अंग टाकायचं, जाग आली की पुन्हा पाण्यात. दुसऱ्या दिवसापर्यंत पाहुणे घड्याळं काढून ठेवतात आणि तिसऱ्या दिवशी वार विसरतात. सगळ्यांच्या अंगाला मीठ लागलेलं, केस दोरखंडासारखे, आणि डोळ्यांत एक प्रकारची लहान मुलाची झोप. दोरीवर वाळत घातलेले ओले सूट वाऱ्यावर हलत आणि बिनडोक्याची माणसं गप्पा मारत बसल्यासारखी दिसत.

भाचीने पहिल्याच दिवशी अट घातली. "मामा, ऐक. आधी तीन वेळा उथळ प्रवाळावर. तिन्ही वेळा कान मोकळे झाले पाहिजेत. एकदा जरी तू ओढूनताणून खाली आलास, तर म्हातारी विसर."

"अगं, मी तुला सायकल शिकवली."

"शिकवलीस आणि गटारात सोडलीस. पाण्याखाली मी भाची नाही, समजलं?"

"समजलं, बाईसाहेब."

पहिलं उतरणं झालं ते दुसऱ्या दिवशी, सकाळच्या टाक्या भरून झाल्यावर. मामा स्वतःच्या हाताने भरलेली टाकी स्वतःच्या पाठीवर घेऊन मागच्या फळीवरून पाण्यात गेले, आणि पाच मीटरवर पांढऱ्या वाळूत गुडघे टेकून बसले. पहिली काही मिनिटं त्यांनी समुद्र बघितलाच नाही. ते हवा चाखत होते. कोरडी, गार, बिनवासाची. बरी आहे, असं त्यांना मनात वाटलं, आणि अकरा वर्षांत पहिल्यांदाच स्वतःच्या कामाची पावती मिळाल्यासारखं ते मास्कच्या आत हसले. हसल्यामुळे मास्कमध्ये पाणी शिरलं.

मग त्यांनी मान वर केली. डोक्यावर बोटीचं पोट तरंगत होतं, एखाद्या मोठ्या बदकाचं असावं तसं. प्रवाळाच्या कडेवरून निळे मासे पाऊस थांबल्यावर पोरं बाहेर पडावीत तसे एकदम बाहेर आले आणि काही ठरल्याप्रमाणे एकदम आत गेले. आवाज म्हणाल तर स्वतःच्या श्वासाचा. इंजिनाशेजारी आयुष्य काढलेल्या माणसाला हा आवाज नवीन होता. आपणही आतून चालू असतो, हे त्यांना इतकं स्पष्ट कधी ऐकू आलं नव्हतं.

तिसऱ्या दिवशी मात्र कान अडला. तीन मीटरवरच डाव्या कानात सुई टोचल्यासारखी कळ आली. मामांनी नाक दाबून जोर लावला. पुन्हा लावला. भाची समोरून त्यांच्या भुवया बघत होती. तिने हात आडवा धरून 'थांब' अशी खूण केली. मामांनी 'ठीक आहे' अशी खूण केली आणि आणखी एक हात खाली सरकले. पुढच्या क्षणी तिने त्यांच्या जॅकेटचा पट्टा धरला आणि मांजरीने पिल्लू उचलावं तसं त्यांना वर आणलं.

"ठीक होतं?" पाण्याबाहेर तोंड काढल्या काढल्या ती म्हणाली.

"जरासं..."

"मामा, ठीक होतं का?"

"नव्हतं."

"मग खोटं का बोललास?"

मामांच्या नाकातून थोडं रक्त आलं होतं ते त्यांनी समुद्राच्या पाण्यानेच धुतलं. दुपारच्या टाक्या त्यांनी कोणाशी न बोलता भरल्या. मुख्याध्यापिकाबाई म्हणून एक पाहुण्या होत्या, शाळेतून नुकत्याच सुटलेल्या, म्हणजे निवृत्त झालेल्या. त्या टाकी न्यायला आल्या आणि म्हणाल्या, "मामा, नापास झालात म्हणे?"

"हो बाई."

"रडू नका. फेरपरीक्षा असते."

चौथ्या दिवशी सकाळी भाची कॉम्प्रेसरपाशी येऊन बसली. मामा टाकी भरत होते. तिने बराच वेळ बघितलं आणि म्हणाली, "इतकं हळू का भरतोस? दुसऱ्या बोटीवर निम्म्या वेळात भरतात."

"घाईने भरली की तापते. तापलेली टाकी काट्यावर भरल्यासारखी दिसते, थंड झाली की काटा खाली येतो. दाब सावकाश द्यावा लागतो, बाळ. तिला कळू न देता द्यावा लागतो."

"बरं," ती म्हणाली, "आणि कान काय फुटकी घागर आहे?"

मामांचा कॉकवरचा हात थांबला.

"कालचं मोजत नाही, पण फेरपरीक्षा एकच. दुखल्यावर जोर लावतोस तू. दुखायच्या आधी, दर हातभराला, गिळल्यासारखं कर. नुसतं गिळ. त्याला कळू न देता."

त्या दिवशी नांगराचा दोर धरून, पाय खाली, डोकं वर, मामा असे उतरले की दोरावरच्या शेवाळाचा प्रत्येक केस त्यांना ओळखीचा झाला असता. दर हातभराला एक आवंढा. पाच मीटर, सात मीटर, नऊ. कानात कागदाची घडी उलगडावी तसा बारीक आवाज झाला आणि कान मोकळा झाला. भाचीने तिचं पाण्यातही लिहिता येणारं, पाटीएवढं पुठ्ठ्यासारखं पान काढलं, त्यावर पेन्सिलीने लिहिलं : 'पास'. आणि मागून, मामांचा चेहरा बघून, खाली आणखी लिहिलं : 'काठावर'.

पाचव्या दिवशीचं तिसरं उतरणंही सुरळीत झालं. दुपारी सगळे पाहुणे सावलीत आडवे झाले होते. समुद्र इतका स्वस्थ की बोट पाण्यावर आहे की हवेत, ते कळू नये. भाची मामांशेजारी पाय सोडून बसली.

"उद्या म्हातारी. छत कापून काढलंय, त्यामुळे इंजिनखोली उघडीच आहे, कपाट आडवं पाडून ठेवल्यासारखी. पण कुठे हात लावायचा नाही, माझ्यापासून लांब जायचं नाही. वीस मिनिटं. तुला काय काय बघायचंय?"

"शिडीजवळचा व्हॉल्व्ह."

"बस? एकोणीस वर्षं काढलीस तिथे, आणि व्हॉल्व्ह?"

मग मामांनी सांगितलं. गार चाक, शिटी, कोरं पान. सांगायला चार-पाच वाक्यंच लागली, आणि इतक्या लहान गोष्टीसाठी आपण इतकी वर्षं तोंड का बंद ठेवलं, हे त्यांनाही कळेना.

भाची त्यांच्याकडे वळून बसली. "मला आधी सांगायचंस ना. शंभर वेळा गेले असेन तिथून. बघून आले असते."

"तू बघितलं असतंस," मामा म्हणाले. "मी नसतं बघितलं."

"आणि बंद असला तर?"

"तर बंद."

"मामा, माणूस अकरा वर्षं असा कसा राहतो रे?"

"टाक्या भरायच्या असतात," मामा म्हणाले.

सहाव्या दिवशी सकाळी पाणी काचेसारखं होतं. पाहुण्यांचा गट कप्तानाबरोबर पुढे गेला आणि मामा भाचीबरोबर मागून दोर धरून उतरू लागले. आवंढा, हातभर, आवंढा. सात मीटरवर खाली काहीतरी मोठं निजलेलं दिसू लागलं. आधी नुसती गडद निळाई, मग तिला कड आली, मग कडेला कठडा आला. कठड्यावर मऊ लाल-पिवळी झुडपं वाढलेली आणि ती सगळी एकाच दिशेला हळूहळू डुलत होती. ज्या कठड्याला टेकून ते बाहेर येऊन हवा खात, तो कठडा आता पाण्यातल्या बागेचं कुंपण झाला होता. बाकांच्या फटींतून चांदीच्या सुयांसारखे बारीक मासे ओवले जात होते. खिडकीतून एक जाडा राखाडी मासा बाहेर बघत होता, तिकीट न काढता बसलेल्या प्रवाशासारखा.

वळसा घालून ते छताच्या बाजूला आले. समोर इंजिनखोली उघडी होती. उन्हाच्या तिरप्या पट्ट्या आत शिरलेल्या. इंजिन जागेवर होतं, फक्त भिंतीला चिकटवल्यासारखं. मामांना काहीच ओळखू येईना. जिथे जमीन हवी तिथे भिंत, जिथे भिंत हवी तिथे छत. स्वतःच्याच घरात कोणी सगळं सामान उलटसुलट लावून ठेवावं तसं झालं. मग डावीकडे शिडी दिसली. आणि शिडीच्या पायथ्याजवळ, गाळात जवळजवळ टेकलेलं, एक चाक. चाकाच्या मधून आट्यांचा दांडा वीतभर बाहेर आलेला. शेवाळलेला, जाड झालेला, पण बाहेर.

दांडा बाहेर म्हणजे व्हॉल्व्ह उघडा.

मामांचा जीव भांड्यात पडला. त्यांनी भाचीकडे वळून दांड्याकडे बोट दाखवलं. तिने दोन्ही हात जोडून डोक्यावर हलवले. आनंदाने मामांनी इतका मोठा श्वास सोडला की बुडबुड्यांचा एक घोळका वर धावला. अकरा वर्षं नुसता प्रवाह होता तर!

पण बुडबुडे वर गेले तशी त्यांची नजरही वर गेली, आणि शिडीवर थांबली. शिडी बाजेसारखी आडवी होती. हात लावायचा नाही हे ठाऊक होतं, पण एकोणीस वर्षांचं अंगवळण पाण्यात काही विरघळत नाही. शिडी दिसली की तिच्याकडे तोंड करून उभं राहायचं. मामा तिच्यासमोर गेले आणि तिला जुळतील असे, सावकाश, डाव्या कुशीवर आडवे झाले.

त्याबरोबर म्हातारी उभी राहिली.

खोली जागच्या जागी आली. इंजिन जमिनीवर आलं. तेलाचा डबा ठेवायचा कोनाडा, ओला सदरा टांगायचा खिळा, डोकं आपटू नये म्हणून वाकायची जागा, सगळं. फक्त त्यांचे बुडबुडे वर जायचे सोडून वाऱ्याने उडवलेल्या धुरासारखे आडवे, उजव्या भिंतीकडे चालले होते. मामांना वाटलं, आता वरून घंटी होईल, आणि माणसांच्या पायांची धावपळ ऐकू येईल. त्यांनी शिडीच्या दोन्ही बाजूंना, न शिवता, हात धरले. डावा हात गाळाकडे गेला, त्या उघड्या चाकाकडे. म्हणजे तो डावीकडचा व्हॉल्व्ह. तो तर त्यांनी उघडलाच होता, तो आठवतच होता. उजवा हात वर गेला.

वर, ज्याला आता छत म्हणायचं तिथे, दुसरं चाक होतं. त्याचा दांडा आत होता. नखभरसुद्धा बाहेर नव्हता.

एवढ्यात जॅकेटला हिसका बसला. मामा एका कुशीवर कलंडून निश्चल पडलेले बघून भाची झेपावली होती. तिने त्यांचा मास्क स्वतःच्या मास्कला भिडवला, डोळ्यांत बघितलं, हवेचा काटा बघितला, 'ठीक?' अशी खूण केली. मामांनी 'ठीक' केलं. तिसऱ्या दिवशीच्या अनुभवावरून तिचा विश्वास बसेना. तिने 'वर' अशी खूण केली. मामांनी मान हलवून नकार दिला, आणि तळहाताने दाखवलं : अशी हो. आडवी हो.

ती क्षणभर घुटमळली. मग मामांचा पट्टा न सोडता तीही त्यांच्यासारखी डाव्या कुशीवर झाली. मास्कच्या आत तिचे डोळे मोठे होताना मामांनी बघितले. शंभर वेळा येऊन गेलेलं जहाज तिने पहिल्यांदाच उभं बघितलं होतं. मामांनी तिला एकेक जागा बोटाने दाखवली. कोनाडा, खिळा, शिडी. आणि शेवटी चौथं चाक.

ती त्या चाकाकडे बघत राहिली. मामाही. चाकाचे आरे नारिंगी बहराने भरले होते आणि मधल्या खळग्यात एक बोटभर मासा राखण करत होता. त्याच्यामागे लोखंडावर अंडी चिकटलेली, ज्वारीच्या दाण्यांहून बारीक. मामा जवळ येतात असं दिसताच तो सुटला तो थेट त्यांच्या मास्कवर, टकटक टकटक, एवढासा जीव, पण असा तावातावाने की मामा दोन हात मागे सरकले. त्यांना हसू आलं. त्याच्या घराचं दार बंद राहिलं होतं ते यांच्यामुळे, आणि हा यांनाच हाकलत होता.

जे चाक फिरवायचं राहून गेलं असेल म्हणून ते अकरा वर्षं पाण्याकडे बघत आले होते, ते खरंच राहून गेलं होतं. मामांनी स्वतःच्या आत चाचपून बघितलं. दुखेल असं जिथे वाटलं होतं, तिथे दुखत नव्हतं. दुखायच्या आधी, त्यांना कळू न देता, काहीतरी मोकळं झालं होतं. वीस मिनिटं संपली तेव्हा भाचीने त्यांचा हात धरला. दोघं सरळ झाली आणि म्हातारी पुन्हा आडवी झाली.

वर आल्यावर सगळे चहाला जमले होते. टॉवेल गुंडाळलेले, ओठ निळे, डोळे झोपाळू. कप्तानाने विचारलं, "काय मामा, भेटली का जुनी?"

मामांनी कप खाली ठेवला. "भेटली. ऐका, एक सांगायचंय. ती प्रवाहाने आडवी झाली नाही. चौथा व्हॉल्व्ह मी उघडलाच नव्हता. आज बघून आलो, त्या बंद चाकात एक मासा अंडी राखत बसलाय. चूक माझी."

भाची मामांच्या शेजारी येऊन उभी राहिली.

"अकरा वर्षं मी पाहुण्यांना प्रवाह सांगतोय," कप्तान म्हणाला.

"आता मामा सांगा."

"हा आळ मी तुमच्यावर घेत नाही हं."

"आळ कसला? खरं आहे ते."

दातांचे डॉक्टर बिस्किट चहात बुडवून विचार करत होते. "पण ती आडवी होऊन प्रवाळाच्या कडेवर टेकली नसती, सरळ बसली असती, तर इंजिनखोली खाली अठरा मीटरला गेली असती ना? मग तुमचा बारा मीटरचा दाखला काय कामाचा?"

मामांच्या हे ध्यानात आलं नव्हतं. बिस्किट तुटून कपात पडलं.

"चूक कबूल केलीत, दहापैकी दहा," मुख्याध्यापिकाबाई म्हणाल्या, आणि लगेच पुढे झुकल्या. "आता तो मासा कुठे आहे ते सांगा. अंडी राखणारा. आम्ही तिथूनच गेलो, आम्हाला कसा दिसला नाही?"

"तुम्ही सरळ गेलात बाई. आडवं व्हावं लागतं."

"म्हणजे कसं?"

"काढून दाखवतो."

दुपारी उतरण्याआधी माहिती सांगायचा पांढरा फळा भिंतीवर होता. मामांनी त्यावर इंजिनखोली काढली. हात सराईत होता. शिडी, इंजिन, कोनाडा, चार चाकं. चौथ्यापाशी त्यांनी 'बंद' असं स्पष्ट अक्षरात लिहिलं आणि खाली छोटा मासा काढला. मागे सरून बघितलं तर म्हातारी फळ्यावर सरळ उभी होती, एकोणीस वर्षं होती तशी.

"मामा," भाची म्हणाली, "असं बघून हे लोक हरवतील."

तिने फळा खिळ्यावरून काढला, फिरवला, आणि आडवा करून टांगला. 'बंद' हा शब्दही कुशीवर झोपला. मुख्याध्यापिकाबाईंनी मान खांद्याला टेकवली. डॉक्टरांनी टेकवली. मग ओळीने सगळ्यांनी, कप्तानानेसुद्धा. उन्हात, ओल्या केसांनी, एका बाजूला माना टाकून ती सगळी माणसं त्या चित्राकडे बघत उभी राहिली.

मामा थोडा वेळ त्यांच्याकडे बघत होते. मग पायऱ्या उतरून ते खाली गेले. आठ टाक्या रिकाम्या उभ्या होत्या. त्यांनी पहिलीला नळी जोडली, कॉक अगदी थोडा उघडला, आणि तिच्या अंगावर तळहात ठेवला.